टपटप थेंब, आणि पाखरं हजर

परसात पाण्याचं भांडं ठेवलंय, पण पक्षी फिरकत नाहीत? साचलेलं पाणी त्यांच्या चटकन लक्षात येत नाही, पडणारा थेंब मात्र येतो.

१. खरबरीत बुडाची पसरट थाळी घ्या. पाणी जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर. मधोमध एक दगड, माथा कोरडा राहील असा.

२. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला सुईने बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि थाळीच्या वर टांगा. झाकण सैल-घट्ट करत दर दोन-तीन सेकंदांनी एक थेंब पडेल असं जमवा. हे जमायला थोडा वेळ लागतो, पण सगळी जादू इथेच आहे. पाखरू आधी दगडावर टेकतं, चोच बुडवतं, मग पंख फुलवून मनसोक्त अंघोळ करतं.

थाळी रोज घासून पाणी बदला, नाहीतर डास होतात. आणि मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला अगदी खेटून ती ठेवू नका.