पोराच्या अंगावर सारखे डाग उठतायत? मलम लावायच्या आधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या लेकाच्या पोटऱ्यांवर लाल पुळ्या उठल्या. मसुराच्या डाळीएवढ्या, मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. आठ दिवसांत बसल्या, म्हटलं गेलं एकदाचं. पंधरा दिवसांनी परत. मग हातांवर, कमरेला चड्डीचं इलॅस्टिक असतं तिथं, आणि नव्या पुळ्या आल्या की जुन्या बसलेल्या पण परत लाल व्हायच्या, पोरगं झोपेत कराकरा खाजवायचं आणि सकाळी वाकळेवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. जवळजवळ पाच महिने हे असंच चाललं.

आम्ही राहतो कोल्हापुरात कळंब्याकडं, मागं म्हशींचा गोठा, घरात माणसं सहा, त्यामुळं सल्ले पण सहा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई म्हणायच्या, "अंगातली उष्णता बाहेर पडतीया, सब्जा दे." मामांचं मत जंत. शेजारच्या काकू म्हणाल्या रक्त खराब झालंय. मी रात्री मोबाईलवर फोटो बघत बसायचे आणि दर फोटोबरोबर पोटात गोळा यायचा. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडं गेलो तर त्यांनी पायाकडं एकदा बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात मांजर आहे काय? झोपतं कुठं?" मांजर होतं, आणि ते रोज पोराच्याच वाकळेवर झोपायचं. त्या पुळ्या पिसवा चावल्याच्या होत्या. याला पॅप्युलर अर्टिकेरिया म्हणतात, साधारण 2 ते 10 वर्षांच्या पोरांत खूप दिसतं, पिसवा, डास, ढेकूण कशानंही होतं.

मी म्हटलं, मग आम्हाला कुणाला कसं काही नाही? तर ते म्हणाले, "चावतं सगळ्यांनाच ओ वहिनी, याची कातडी जास्त चिडते." हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पाच महिने गेले नसते. म्हणून आम्ही कुठं चुकलो आणि ओळखीच्या घरांत काय चुकताना बघितलं ते सगळं लिहितेय.

मेडिकलमधनं "खाजेची ट्यूब" आणणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केली. मेडिकलमध्ये फोटो दाखवला, एक ट्यूब मिळाली, लावली, तिसऱ्या दिवशी लाली गायब. इतकं बरं वाटलं. ट्यूब थांबवली आणि आठवड्यात परत तेच. तो डबा मी डॉक्टरांपुढं ठेवला तेव्हा कळलं की त्यात क्लोबेटासॉल होतं, म्हणजे फार जोरकस स्टिरॉइड, शिवाय एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक, असं तीन-चार औषधांचं मिश्रण. स्टिरॉइड लावलं की सूज आणि खाज बसते, पण पिसू मरत नाही, बुरशी मरत नाही, खरजेचा किडा मरत नाही. वरचं रूप मात्र बदलतं, आणि मग डॉक्टरांना पण ओळखायला अवघड जातं. लहान पोरांची कातडी पातळ असते, त्यातनं औषध अंगात जास्त मुरतं, आणि चेहऱ्यावर, जांघेत बरेच दिवस लावलं तर कातडी आणखी पातळ होते. 2018 मध्ये सरकारनं स्टिरॉइडची बरीचशी मलमं शेड्यूल एच मध्ये घातलीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. तरी मिळतात. म्हणून ट्यूब हातात आली की मागं बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा, "क्लोबेटासॉल", "बीटामेथासोन", "मोमेटासोन" असं काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

माझं म्हणणं स्टिरॉइड वाईटच असं अजिबात नाही. आमच्या डॉक्टरांनी पण एक सौम्य स्टिरॉइडच दिलं होतं, पण मोजून पाच दिवस, फक्त पुळीवर, आणि कशासाठी ते सांगून.

नायट्याचं तर जास्त वाईट होतं. आमच्या ओळखीत एका घरात बाबा रोज तालमीला जातात, त्यांच्या मांडीला नायटा, आणि अंघोळीनंतर तोच टॉवेल पोरीला. पोरीच्या पोटावर गोल चट्टा उठला, कडा लाल, खवल्याखवल्याची, मधला भाग साफ. त्याला दोन महिने असलीच मिश्र ट्यूब लावली, आणि तो गोल मोडून सगळ्या पोटावर पसरला, कडा दिसेनाशा झाल्या. तालमीत अंगाला अंग लागतं, घाम असतो, लंगोट ओला राहतो, त्यामुळं पैलवानांत नायटा पसरतोच, त्यात लाजायचं काही नाही, पण बाबांनी स्वतः उपचार घेतल्याशिवाय पोरीचा नायटा कसा जाणार? टॉवेल वेगळा, कपडे उन्हात कडक वाळवलेले, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर वाळलेल्या कपड्यांवरनं इस्त्री फिरवा. डाग गेल्यावर पण डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध लावायचं, दिसायचा बंद झाला म्हणून सोडायचं नाही.

फक्त पोराचाच उपचार करणं

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत पुरळ आहे आणि घरात आणखी एखादं माणूस खाजवतंय, तर खरूज असू शकते. इथं लोक पोराला मलम लावतात आणि मोकळे होतात. खरूज पहिल्यांदा लागली तर खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे पण लागतात, म्हणजे "मला काही नाही" म्हणणाऱ्या माणसाच्या अंगात किडा आधीच असू शकतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं, आजी-आजोबांसकट. बहुतेक वेळा 5 टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम देतात, मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली पण, 8 ते 12 तास ठेवायचं, मग आठवड्याभरानं परत एकदा. अगदी लहान बाळांना डोक्याला आणि चेहऱ्याला पण लावायला सांगतात, ते मात्र डॉक्टरांना विचारूनच. वापरातले कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते पिशवीत गच्च बांधून तीन दिवस बाजूला ठेवा, अंगाबाहेर हा किडा सहसा त्यापेक्षा जास्त जगत नाही.

आणि एक, किडे मेल्यावर पण खाज 2 ते 4 आठवडे राहते. औषध लागू पडलं नाही समजून रोज रोज लावत सुटू नका, त्यानं कातडी जळते आणि आणखी खाजते.

खाणं बंद करत जाणं

आम्ही अंडं बंद केलं, मग मासे, मग शेंगदाणे, मग दूध पण. पोराचं वजन तेवढं घटलं. खाण्याचं पित्त उठतं ते शक्यतो खाल्ल्यावर काही मिनिटांत नाहीतर दोन-एक तासांत उठतं, फुगीर गांधी असतात, आणि एक गांध एका जागी 24 तासांच्या वर सहसा टिकत नाही, इथली जाते तिथं उठते. हे ओळखायची सोपी रीत म्हणजे पेनानं डागाभोवती गोल काढायचा, वेळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघायचं. आमची पुळी आठ-आठ दिवस त्याच गोलात बसून होती, म्हणजे अंड्याचा काही संबंधच नव्हता. गांधींबरोबर ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला तर मात्र गोल काढत बसू नका, गाडी काढा.

गालावरच्या पांढुरक्या डागांना कॅल्शियम आणि जंताचं औषध

ते शक्यतो दोन्हींपैकी काही नसतं. फिकट, कडा पुसट, थोडे कोरडे डाग, उन्हाळ्यात जास्त उठून दिसतात, याला पिटिरिआसिस अल्बा म्हणतात. मॉइश्चरायझर, उन्हापासून बचाव, आणि धीर, जायला काही महिने लागतात. पण डाग दुधासारखा पांढराशुभ्र असेल तर दाखवा. आणि फिकट किंवा लालसर डागावर पोराला स्पर्श, गरम-गार कळत नसेल तर लाजून लपवू नका, कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर पोरगं पूर्ण बरं होतं.

थांबायचं नसतं तिथं थांबणं

हे वाचून दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा. लाल-जांभळे ठिपके दिसले की काचेचा पारदर्शक ग्लास घ्या आणि त्याची बाजू ठिपक्यावर दाबा. दाबल्यावर ठिपका फिका झाला आणि पोरगं एरवी ठीक असेल तर तेवढी घाई नाही, पण पोरगं आजारी दिसत असेल तर ग्लासावर विसंबू नका. काचेतनं तसाच दिसत राहिला तर ते कातडीखाली उतरलेलं रक्त असू शकतं. सावळ्या रंगावर दिसत नसेल तर तळहात, तळपाय, पापणीच्या आत बघा. असे ठिपके आणि ताप, पोरगं सुस्त, उलट्या, मान ताठ, यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच दवाखाना, सीपीआर (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) जवळ असेल तर तिथं. ताप नसेल पण न दबणारे ठिपके आहेत, उगाच काळंनिळं पडतंय, हिरड्यांतनं रक्त येतंय, तर त्याच दिवशी दाखवायचं आणि रक्ताची तपासणी करायची, कधी कधी सर्दी-तापानंतर प्लेटलेट उतरतात. पायांवर, कुल्ल्यांवर असे ठिपके आणि बरोबर पोट, सांधे दुखतायत, तर लघवी पण तपासायला लागते.

ग्लास लावून बघितल्यामुळं उगाच घाबरणं पण कमी होतं. आमच्या पुळ्या दबायच्या, मी ते पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर कितीतरी रात्री झोपले असते.

डॉक्टरांकडं मलम माखून नेणं

जायच्या आधी दोन-तीन दिवस काही लावू नका, हळद नाही, कडुलिंबाचा पाला नाही, चुना तर नाहीच, अंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक पण नाही, त्यानं कोरडी कातडी आणखी चिडते. डाग नवा असताना दिवसाच्या उजेडात फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. तपासणीच्या दिवशी डाग नेमके बसलेले असतात, हा सगळ्यांचाच अनुभव. मी एका जुन्या वहीत तारीख, जागा आणि पोरगं आदल्या रात्री कुठं झोपलं एवढंच लिहायला लागले, आणि त्यातनं दिसलं की आठ दिवस आजोळी पन्हाळ्याला होता तेव्हा एकही नवी पुळी नव्हती. डॉक्टरांनी ती वही माझ्यापेक्षा जास्त वेळ वाचली. आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, सिरप पिशवीत घालून न्या. खाजेचं सिरप वजनावर ठरतं, मोठ्या भावंडाचं अंदाजानं धाकट्याला देऊ नका.

आमच्याकडं पुढं काय झालं ते सांगते. मांजराला जनावरांच्या डॉक्टरांकडनं पिसवांचं औषध घातलं. कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराला चुकून पण लावू नका, मांजराला ते विषारी असतं. वाकळा गरम पाण्यात धुतल्या, गादीच्या शिवणी आणि फरशीच्या फटी रोज झाडल्या, कारण पिसवांची अंडी आणि कोश तिथंच पडून राहतात आणि आठवड्यांनी फुटतात. त्यामुळं उपचार सुरू केल्यावर पण तीन आठवडे एखाद-दुसरी पुळी यायचीच. पोराची नखं बारीक कापली, रात्री पातळ सुती पायजमा आणि मच्छरदाणी, गोठ्याकडच्या खिडकीला जाळी. दिवाळीनंतर नवी पुळी आली नाही. जुन्या जागी काळे ठिपके मात्र राहिले, ते फिके व्हायला मार्च उजाडला, आणि मांजर आता आत्यांच्या खोलीबाहेर पोत्यावर झोपतं.