सर्च सर्व्हर अपग्रेड झाला, क्वेरी टाइमआऊट व्हायला लागल्या: आकडा वाढवण्याआधीची तयारी

टाइमआऊट वाढवायला हात शिवशिवतात, ते जरा आवरा. आधी कुणाचं घड्याळ संपलं ते शोधायचं. इलास्टिकसर्च या सर्च सर्व्हरकडे निघालेल्या एका क्वेरीवर निदान तीन घड्याळं, म्हणजे टाइमआऊट, चालू असतात. पायथन क्लायंटचं काही सांगितलं नाही तर 10 सेकंदांचं, मधल्या एन्जिनएक्स प्रॉक्सीचं 60 सेकंदांचं, आणि सर्चच्या विनंतीतलं, जे आपण दिलं नाही तर मुळात नसतंच. एन्जिनएक्सकडून 504 (मागून वेळेत उत्तर आलं नाही) आला तर बहुधा त्याचा धीर सुटलाय. क्लायंटने एक्सेप्शन फेकलं आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये चिटपाखरू नाही, तर क्लायंट आधीच उठून गेलाय.

मला धास्ती असते ती तिसऱ्याची, सर्चच्या घड्याळाची. उत्तर 200 (म्हणजे सगळं ठीक) येतं, आत 'टुक' (लागलेले मिलिसेकंद) 2004 आणि त्याच्याखाली 'टाइम्ड आऊट: ट्रू'. म्हणजे जेवढं सापडलं तेवढं हातात दिलं, बाकीचं सोडून दिलं. ग्राहकाला निकाल कमी दिसतात, पण एरर नाही म्हणून तक्रारही येत नाही. हे फील्ड मॉनिटरिंगमध्ये मोजायची सोय अपग्रेडच्या आधीच करून ठेवा. सोलर हा दुसरा सर्च सर्व्हर वापरणाऱ्यांनी रिस्पॉन्स हेडरमधलं 'पार्शल रिझल्ट्स' बघायचं. तिथली 'टाइम अलाउड' ही वेळेची मर्यादा मिलिसेकंदांत असते. मी एकदा पाच सेकंद समजून नुसते 5 लिहिले आणि अर्धा दिवस रेप्लिका (डेटाच्या जादा प्रती) तपासत बसलो.

तुलनेला काहीतरी हवं, म्हणून जुन्या व्हर्जनवर असतानाच स्लो लॉग, म्हणजे मंद क्वेरींची नोंद, चालू करा (किती वेळेपुढे मंद म्हणायचं ते थ्रेशोल्ड आपण दिल्याशिवाय तो काही लिहीत नाही) आणि त्यातल्या वीसेक जड क्वेरी वेळेसकट बाजूला काढा. स्नॅपशॉटही (डेटाचा बॅकअप) तेव्हाच घ्या, कारण अपग्रेड झालेला नोड (क्लस्टरमधला एक सर्व्हर) मागच्या व्हर्जनवर नेता येत नाही. नंतर त्याच क्वेरी नव्यावर चालवा, पण पहिल्या फेरीवरून निकाल देऊ नका. मशीनच रीस्टार्ट झालं असेल तर सेगमेंट (इंडेक्सच्या फाइली) डिस्कवरून वाचले जातात, कारण ऑपरेटिंग सिस्टिम रॅममध्ये फाइली धरून ठेवते ती पेज कॅश रिकामी असते. अपग्रेडच्या नादात कुणी 'असू दे जास्त' म्हणत हीप (जाव्हासाठी राखलेली मेमरी) वाढवली असेल, तर त्या कॅशलाच जागा उरलेली नसते. हीप रॅमच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका.

क्लस्टर पिवळा दिसला (म्हणजे काही रेप्लिका उभ्या नाहीत) तर रोलिंग रीस्टार्टच्या, म्हणजे एकेक नोड बंद-चालू करण्याच्या, वेळी शार्ड अलोकेशन (इंडेक्सचे तुकडे नोडवर वाटणं) फक्त प्रायमरीपुरतं, म्हणजे मूळ प्रतींपुरतं, ठेवलेलं कुणी परत खुलं केलंय का ते बघा. हे विसरणं फार सोपं आहे, आणि रेप्लिका उभ्या न राहिल्याने सगळा भार मोजक्या नोडवर पडतो.

एवढं करूनही एखादी क्वेरी मंदच असेल, तर ती 'प्रोफाइल' (क्वेरीच्या कुठल्या भागाला किती वेळ लागला ते दाखवणारा पर्याय) लावून जुन्या-नव्या दोन्हींवर चालवा. प्रोफाइलचा स्वतःचा भार असतो, त्यामुळे एकूण वेळेपेक्षा कुठल्या भागाचा वाटा वाढला ते वाचा.

मर्यादा वाढवायचीच झाली तर आतून बाहेर वाढत न्या: सर्चची सर्वांत कमी, प्रॉक्सीची त्याहून जास्त, क्लायंटची सर्वांत जास्त. सर्चची मर्यादा प्रत्येक शार्डला वेगळी लागते आणि काटेकोर नसते, म्हणून मध्ये मोकळी जागा ठेवा. क्रम उलटा झाला आणि क्लायंटमध्ये टाइमआऊटवर रिट्राय चालू असेल, तर तीच जड क्वेरी सर्व्हरवर पुन्हा येऊन आदळते.