बँक्सिया, टी ट्री, बॉटलब्रश: ऑस्ट्रेलियन झुडपांचं बोन्साय करताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात बोन्साय करणाऱ्यांमध्ये एक समज खोल रुजला आहे: इथली देशी झुडपं कुंडीत टिकत नाहीत. जुनिपर आणि मेपल वर्षानुवर्षं जगतात, पण हौसेनं आणलेली बँक्सिया किंवा टी ट्री पहिल्याच कुंडीबदलानंतर वाळते, आणि मग माणूस पुन्हा जुनिपरकडे वळतो. हा समज मला अजिबात मान्य नाही. कॅनबेराच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये राष्ट्रीय बोन्साय आणि पेनजिंग (बोन्सायचा चिनी प्रकार) संग्रह आहे. तिथे परदेशी झाडांच्या शेजारी ऑस्ट्रेलियाची देशी झाडंही उथळ कुंड्यांमध्ये छान वाढलेली दिसतात. ती जगतात, कारण त्यांना त्यांच्या पद्धतीनं वाढवलेलं असतं.

ती पद्धत कळण्यासाठी वणवा डोळ्यांसमोर आणायला हवा. ही झुडपं लाखो वर्षं निकस मातीत आणि आगीच्या सोबतीनं घडली आहेत. आग वरचं सगळं जाळते, मुळांना मात्र हात लावत नाही. म्हणून यातल्या बऱ्याच जातींचा वरचा भाग कितीही तोडला तरी त्या पुन्हा फुटतात, पण मुळं उपसलेली त्यांना सोसत नाहीत. जपानी झाडांसाठी लिहिलेली पुस्तकं वाचून आपण नेमकं उलटं करतो: वर जपून छाटतो आणि खाली धुऊन काढतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

खताची चूक, तीही दोन्ही बाजूंनी

बँक्सिया, ग्रेव्हिलिया आणि हाकेया ही प्रोटिएसी कुळातली झाडं. फॉस्फरस जवळजवळ नसलेल्या मातीत ती वाढतात. त्यासाठी त्यांच्या मुळांवर बारीक केसाळ मुळांचे दाट झुपके येतात. हे झुपके आम्लं सोडतात आणि मातीत घट्ट अडकलेला फॉस्फरस मोकळा करून घेतात. अडचण अशी की फॉस्फरस भरपूर मिळाला तरी यातल्या अनेक जातींना तो घेणं थांबवता येत नाही. तो पानांत साठत जातो आणि झाड आतून विषारी होतं. तुमची माया जितकी जास्त, तितकं झाड लवकर मरतं.

आपल्याकडच्या बागकामाच्या सवयी इथे घात करतात. गुलाबाला, जास्वंदीला आपण डोळे मिटून बोनमील घालतो. ऑस्ट्रेलियात त्याचा भाऊ ‘ब्लड अँड बोन’ प्रत्येक दुकानात मिळतो. कोंबडीखताच्या गोळ्याही सर्रास मिळतात. या सगळ्यांत फॉस्फरस भरपूर असतो. बँक्सियाच्या कुंडीत यातलं काहीही घालू नका. ‘देशी झाडांसाठी’ असं लिहिलेलं, सावकाश विरघळणारं खत घ्या आणि पिशवीच्या मागचे आकडे वाचा. फॉस्फरस एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी असावा.

भारतातून खत किंवा माहिती घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑस्ट्रेलियात पिशवीवर शुद्ध फॉस्फरसचा टक्का छापतात, भारतात फॉस्फरस पेंटॉक्साइडचा. म्हणजे भारतीय पिशवीवरचे 2.3 टक्के हे ऑस्ट्रेलियन पिशवीवरच्या साधारण 1 टक्क्याएवढे. डीएपीवर 18:46 लिहिलेलं असतं, त्यात शुद्ध फॉस्फरस 20 टक्क्यांच्या घरात असतो. ते या झाडांच्या आसपासही नको.

खताचा ताण असा ओळखा: जुन्या पानांच्या कडा करपतात, नवी पानं पिवळट आणि खुरटी येतात, मग पानगळ होते. असं दिसलं तर वरचे खताचे दाणे वेचून काढा आणि कुंडीतून भरपूर साधं पाणी दोन-चार वेळा जाऊ द्या. नवी पानं पिवळीच राहिली तर चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या. हवामान उबदार असेल तर माती बदला, पण मुळांना धक्का न लावता. फांद्या करपेपर्यंत वाट पाहिली असेल, तर वाचण्याची आशा थोडीच.

आता दुसरी बाजू. फॉस्फरसच्या धास्तीनं काही जण सगळ्याच देशी झाडांना उपाशी ठेवतात. बॉटलब्रश, पेपरबार्क (म्हणजे मेलालुका) आणि टी ट्री मर्टेसी कुळातले. ते इतके हळवे नसतात. उथळ कुंडीत, भरड मिश्रणात, रोजच्या पाण्याबरोबर अन्न वाहून जातं, त्यामुळे त्यांना वाढीच्या दिवसांत नियमित खत हवंच. बँक्सियालाही नायट्रोजन आणि पोटॅश लागतात. वर्षभर एकाच जागी थिजलेलं झाड बहुतेक वेळा भुकेलेलं असतं.

जुनिपरच्या कॅलेंडरनं कुंडी बदलणं

मेपल आणि एल्म हिवाळा संपताना, डोळे फुगायला लागले की नव्या कुंडीत जातात. सिडनी-मेलबर्नमध्ये हा काळ ऑगस्टचा. त्याच रविवारी, हात मातीत आहेतच म्हणून, शेजारची बँक्सिया आणि मेलालुकाही उपसली जाते. देशी झुडपांना हे जड जातं. त्यांच्याकडे हिवाळ्यात साठवून ठेवलेलं, वसंतात एकदम उधळायचं असं भांडवल नसतं. त्यांची कापलेली मुळं जमीन गरम असेल तरच भरून येतात. थंड, ओल्या मिश्रणात ती नुसती कुजत बसतात.

म्हणून रात्रीही उबदार होईपर्यंत थांबा. सिडनीत नोव्हेंबर ते जानेवारी, कॅनबेरा-मेलबर्नकडे आणखी जरा उशिरा. ब्रिस्बेनकरांना बरीच मोकळीक आहे. चाळिशीच्या उष्म्याचा आठवडा मात्र टाळा. कुंडी बदलल्यावर दोन-तीन आठवडे झाड सावलीत आणि वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. उत्तरेकडून येणारा कोरडा गरम वारा उन्हापेक्षाही वाईट.

मुळं धुऊन मोकळी करणं

पाण्याच्या फवाऱ्यानं सगळी जुनी माती काढून मुळं उघडी करणं ही देशी झाडं मारण्याची सर्वांत खात्रीची रीत आहे. बँक्सियाच्या झुपकेदार मुळांचा तर त्यात चुरा होतो. मुळांच्या गोळ्याचा तळ सपाट कापा, कडेनं बोटभर सोला, आणि मधला भाग तसाच ठेवा. जुनी चिकट माती काढायचीच असेल तर या वेळी एका अंगाची आणि दोन वर्षांनी दुसऱ्या अंगाची काढा. बॉटलब्रश आणि मेलालुका याला अपवाद आहेत. उन्हाळ्यात त्यांची अर्धी मुळं गेली तरी ते फारशी कुरकुर करत नाहीत. टी ट्रीच्या बाबतीत मात्र हात आखडूनच धरा.

याचा खरा उपाय खरेदीच्या वेळीच करायचा असतो. मोठ्या कुंडीतलं जाड खोडाचं झाड मोहात पाडतं, पण त्याची मुळं आत गोल फिरून आवळलेली असतात आणि ती सोडवताना झाड जातं. इथल्या नर्सऱ्यांमध्ये बारीक खोडाची रोपं लांबट नळीसारख्या कुंडीत मिळतात, त्यांना ट्यूबस्टॉक म्हणतात. स्वस्त असतात, मुळं कोवळी असतात. पहिल्याच वर्षी मुळं पसरून लावली की पुढे उपसण्याची वेळच येत नाही. खोड जाड व्हायला वर्षं जातात हे खरं. पण बँक्सिया आणि मेलालुका मोकळ्या जमिनीत किंवा मोठ्या पेटीत भराभर पोसतात.

कोण फुटतं आणि कोण फुटत नाही, हे न पाहता करवत लावणं

1770 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी बॉटनी बे परिसरात ज्या बँक्सिया गोळा केल्या, त्यांत सेराटा, इंटेग्रिफोलिया आणि एरिसिफोलिया होत्या. तिन्ही आजही सिडनीच्या आसपास उगवतात, आणि करवत लावली तर तिन्ही वेगळ्या वागतात. सेराटाला जाड, गाठाळ साल असते आणि जमिनीलगत सुप्त डोळ्यांनी भरलेली लाकडी गाठ असते. तिला लिग्नोट्यूबर म्हणतात. झाड जळलं किंवा कापलं तरी तिथून फुटवे येतात. इंटेग्रिफोलिया उघड्या खोडावरही सहज फुटते. एरिसिफोलिया मात्र आगीत मरते आणि फक्त बियांतून परत येते. तिच्या बिनपानाच्या जुन्या लाकडावर फुटव्याचा भरवसा नाही.

हा नियम इतरांनाही लावा. वणव्यानंतर बुंध्यातून फुटणारं झाड तुमच्या करवतीनंतरही फुटेल. बियांवर अवलंबून असलेलं झाड थोडं थोडं छाटत न्यावं लागतं. बॉटलब्रश आणि बहुतेक मेलालुका बुडख्यापर्यंत कापले तरी दाट फुटतात, इतके की नको असलेले फुटवे खुडणं हेच मोठं काम होतं. टी ट्री म्हणजे लेप्टोस्पर्मम आणि त्याची बहीण कुन्झिया यांच्यावर हिरवं पान नसलेली फांदी सहसा मरते. प्रत्येक फांदीवर थोडा पाला राखूनच कापा, आणि आतला पाला उजेडाअभावी गळू देऊ नका. एकदा आतून उघडं पडलेलं टी ट्री पुन्हा भरत नाही. म्हणून रोपटं वीतभर असल्यापासून शेंडे खुडत राहावं लागतं.

पान कोमेजेल तेव्हा पाणी देऊ

असं म्हणणारा माणूस टी ट्री गमावतो. या झाडांची पानं टणक, कागदासारखी असतात आणि ती मान टाकत नाहीत. मुळं सुकून गेली तरी पानं आणखी कित्येक दिवस हिरवीच दिसतात. रंग किंचित फिका, चमक गेलेली, हातात घेतली की चुरगळतात: एवढं दिसेपर्यंत खेळ संपलेला असतो. पानांवर विसंबू नका. कुंडी उचलून वजन पाहा, बोट खुपसून ओल पाहा. कोवळे शेंडे हीच काय ती धोक्याची घंटा, ते झुकले की लगेच पाणी.

कोरड्या मिश्रणाची आणखी एक खोड आहे. पाइनच्या सालीचं मिश्रण एकदा पार सुकलं की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेनं निघून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा.

पाण्याच्या बाबतीत सगळ्यांना एका रांगेत बसवू नका. पेपरबार्क दलदलीतलं झाड, उन्हाळ्यात त्याची कुंडी उथळ पाण्याच्या थाळीत ठेवली तर ते खुशीत वाढतं. तीच थाळी बँक्सियाखाली ठेवली तर मुळं सडतात. बँक्सियाला कायम वाफसा हवा: ओल आहे, पण हवाही खेळते आहे. त्यासाठी स्कोरिया किंवा प्युमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडांचे खडे आणि कुजवलेली पाइनची साल असं भरड मिश्रण चालतं.

तार आणि फुलं

तार कोवळ्या, हिरव्या फांदीलाच बांधा. टी ट्री आणि बॉटलब्रशचं लाकूड लवकर कडक होतं आणि वाकवताना काटकन मोडतं. फुलं हवी असतील तर बॉटलब्रशची छाटणी बहर ओसरताच करा. उशीर केला तर पुढच्या वर्षीचा बहर कापला जातो. बँक्सियाचे तुरे बोन्सायमध्येही लहान होत नाहीत, तेव्हा मोठ्या पानाची सेराटा छोट्या कुंडीत कोंबू नका, तिला मोठा आकार द्या. आणि तिला पाइनच्या थरांत बसवण्याचा हट्ट सोडा. समुद्रकाठची वाकलेली, फांद्यांच्या टोकांनाच पाल्याचे झुबके असलेली बँक्सिया मुळातच इतकी देखणी असते की तिची नक्कल करणं पुरे.

जंगलातून उपसून आणणं

राष्ट्रीय उद्यानातून किंवा सरकारी जमिनीवरून परवान्याशिवाय झाड उपसणं बेकायदा आहे. शिवाय मुळं दुखावलेलं जुनं बँक्सिया बहुतेक मरतं, म्हणजे जंगलातूनही गेलं आणि कुंडीतूनही. मातीबरोबर फायटोफ्थोरा सिनॅमोमी नावाचा रोगही येऊ शकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात या मूळकुजीनं बँक्सियाची रानंच्या रानं उजाड केली आहेत. तो ओल्या, निचरा नसलेल्या मातीत फोफावतो. झाड पाणी असूनही सुकत चाललं, मुळं तपकिरी आणि मऊ लागली, तर ती कुंडी वेगळी ठेवा, माती कचऱ्यात टाका आणि अवजारं निर्जंतुक करा. पोटॅशियम फॉस्फाइटची फवारणी रोग आवरते, पूर्ण घालवत नाही. हे फॉस्फेट खत नव्हे, दुकानात नीट पाहून घ्या. पश्चिमेकडच्या बँक्सिया या रोगाला जास्त बळी पडतात, त्यामुळे सुरुवात पूर्वेकडच्या जातींनी करावी.

मर्टेसी कुळाला 2010 पासून आणखी एक शत्रू आहे. मर्टल तांबेरा त्या वर्षी न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्यांदा सापडला. कोवळ्या पालवीवर पिवळ्याजर्द भुकटीचे ठिपके पडतात. छाटणीनंतर पालवी एकदम येते, म्हणून त्याच दिवसांत रोज पानं तपासा, आणि लागण झालेला भाग पिशवीत बंद करून फेका.

महाराष्ट्रात करायचं असेल तर

बँक्सियाच्या मागे लागू नका. बॉटलब्रश आपल्याकडच्या बहुतेक नर्सऱ्यांत मिळतो, कोकण किनाऱ्यावर लावलेला सुरू मूळचा ऑस्ट्रेलियालाही देशी आहे, आणि दोन्हींची बोन्साय सुरेख होतात. कुंडी पावसाळ्याच्या तोंडावर बदला. देशावर बोअरवेलच्या जड पाण्यानं बॉटलब्रशची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता आहे. युरियाचा मारा करण्याऐवजी चिलेटेड लोह द्या, आणि जमेल तितकं पावसाचं पाणी साठवून वापरा.