जुनी कादंबरी अर्धी राहिलीय आणि डोक्यात नवीन सुरू झालीय, मग काय करायचं?

लिहिणाऱ्या मंडळींत हा प्रश्न सारखा निघतो. दीडशे-दोनशे पानं झालेली असतात, पात्रं उभी राहिलेली असतात, आणि अचानक दुसरीच एखादी कादंबरी डोक्यात शिरते, तिचं पहिलं वाक्यसुद्धा तयार असतं, मग जुनी फाइल उघडावीशीच वाटत नाही. कुणी सांगतं नवीनचा विचारच करू नका, कुणी म्हणतं मनाला येईल ते लिहा. मला दोन्ही पटत नाही. नवीनला जागा द्यायचीच, पण किती आणि कधी ते आपण ठरवायचं.

सगळ्यात आधी जुनी कुठं अडलीय ते बघा. कितव्या पानावर ते सोडा, कुठल्या निर्णयावर अडलीय ते शोधा. समजा कादंबरी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्या घराची आहे, वडील गेलेत, धाकट्याला माग विकून पुण्याला जायचंय आणि थोरल्याला, म्हणजे मल्लेशमला, पत्ता नाही. त्याला हे कळणार कसं आणि कळल्यावर तो काय करणार, तिथं लेखकाचं घोडं अडलंय. नेमकं त्याच आठवड्यात मे १९३० मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉमधला, म्हणजे लष्करी कायद्यातला, एक पोरगा डोक्यात येतो, बंद गल्लीत कुणाचा तरी निरोप घेऊन पळणारा. तो एवढा ताजा का वाटतो? कारण त्याच्या बाबतीत अजून काहीच ठरवायला लागलेलं नाही. म्हणून जुनीतला अडलेला प्रश्न एका कागदावर एका वाक्यात लिहा आणि त्याखाली तीन उत्तरं लिहा, बेक्कार असली तरी चालतील. बऱ्याचदा तिसरं उत्तर लिहितानाच गाडी हलते. नाही हलली तरी निदान कळतं की नवीन खरंच ओढतेय का आपण जुनीपासून पळतोय.

आता नवीन. तिला एक वेगळी साधी वही द्या. स्वतःलाच व्हॉट्सॲप पाठवायची सवय असते पण तिथं ते दुधाच्या हिशोबात आणि सकाळच्या फॉरवर्डमध्ये गाडलं जातं, परत सापडत नाही. वहीत कथानक लिहीत बसू नका, प्रकरणांची यादी तर अजिबातच नको. कथानक परत रचता येतं हो, उडून जातो तो आवाज. तो पोरगा कसा बोलतो, त्याच्या आईला काय म्हणून हाक मारतो, घरात कानडी बोलतात का तेलुगू का मराठी का सगळं मिसळून, पहिलं वाक्य जसं ऐकू आलं तसंच्या तसं, एखादा वास, एखादी वस्तू, एवढं लिहायचं आणि वही मिटायची.

अभ्यासाचं सामानही लगेच गोळा करायला धावू नका. मार्शल लॉवरची पुस्तकं, सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली त्या काळातली वर्तमानपत्रं, हे सगळं कुठं पळून जात नाही. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात गेलात तर एका संदर्भातून दुसरा निघतो आणि दोन महिने कसे गेले कळत नाही, आणि आपण लिहितोय असं मात्र वाटत राहतं.

याला एकच अपवाद आहे आणि तो मला लै महत्त्वाचा वाटतो. नवीन कल्पना एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणींवर उभी असेल, म्हणजे सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये पाळ्या केलेले आजोबा किंवा आयुष्यभर विड्या वळलेली आजी, तर थांबू नका. याच रविवारी जा, परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, भोंगा वाजला की घरात कोण उठायचं, डब्यात काय असायचं, पगाराच्या दिवशी गेटवर कोण उभं असायचं असं बारीकसारीक विचारा. मध्ये मध्ये आपलं शहाणपण सांगू नका. घरी आल्यावर फाइलला नाव आणि तारीख द्या, एक कॉपी दुसरीकडं ठेवा, आणि मग खुशाल जुनीकडं वळा. कादंबरी थांबते, माणूस थांबत नाही.

इथं काही जण म्हणतात की आपल्याकडं एक माणूस दोन माग चालवतो की, मग दोन कादंबऱ्या का नाही. पण मागावरचं डिझाइन आधीच ठरलेलं असतं, जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राच्या, कार्डांत भोकं पाडून बांधलेलं असतं, कामगार तुटलेला धागा जोडतो आणि नजर ठेवतो. कादंबरीत ते डिझाइन बांधणं हेच काम आहे आणि ते दोन ठिकाणी एकदम होत नाही. म्हणून एका वेळी बांधायची एकच, दुसरीची फक्त टिपणं.

वेळेचं म्हणाल तर ताजं डोकं जुनीला द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी काही सुचत नाही हे सगळ्यांना माहितीय, तेव्हा पहाटेचा तास जुनीचा. नवीनसाठी तुटक वेळ ठेवा. सोलापूरकरांना तर तो आयताच मिळतो, पाणी यायच्या दिवशी. त्या दिवशी टाकी भरली का बघ, मोटर बंद कर, बादल्या लाव, असं दर दहा मिनिटाला उठावं लागतं, त्यात थोरल्या भावाचा राग लिहून होत नाही. पण दोन ओळींची टिपणं मस्त होतात. म्हणजे पाण्याचा दिवस नवीनचा. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाहुणेरावळे असतात तेव्हाही हेच करा, जुनीला उगीच हात लावून चिडचिड करून घेऊ नका.

आणि जुनीवरून उठताना चिठ्ठी लिहून उठायचं. हे कराच. प्रकरण संपवून उठू नका, सीनच्या मध्येच उठा आणि पुढचं लिहून ठेवा, साधारण असं:

"मल्लेशमला माग विकल्याचं अजून माहीत नाही. इसाराचे पैसे आईनं ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवलेत. पुढच्या सीनला भाकरी करायला वहिनी डबा उघडणार, मल्लेशम नाही. वहिनी लगेच बोलणार नाही. पाऊस नको, मागच्या प्रकरणात झालाय."

बघा, यात सुंदर असं एकही वाक्य नाही. पण कोणाला काय माहितीय, वस्तू कुठाय, पुढची हालचाल कुणाची आणि काय टाळायचं हे सगळं आहे. चार दिवस खंड पडला तरी या चिठ्ठीवरून अर्ध्या तासात परत आत जाता येतं. चिठ्ठी नसली की आधीची पन्नास पानं वाचत बसावं लागतं, आणि तिथंच माणूस कंटाळून नवीन वही उघडतो.

एक त्रास मात्र होतो, आवाज मिसळतात. १९३० च्या पोराची भाषा हळूच आजच्या मल्लेशमच्या तोंडी येते. त्यावर उपाय म्हणजे बसल्यावर जुनीची शेवटची दोन पानं मोठ्यानं वाचायची, घरातल्यांनी बघितलं तरी चालेल, आणि त्या सकाळी नवीन वही उघडायची नाही.

दिवाळी अंकासाठी पावसाळ्यातच कथा मागायला लागतात, तेव्हा नवीन कल्पनेची कथा करून बघू का असा मोह होतो. जरूर करा. दहा-बारा पानांत ती पूर्ण झाली तर ती कथाच होती, विषय मिटला. कथा संपूनही पोरगा गप्प बसत नसेल तर तिच्यात कादंबरीचा जीव आहे.

मग जुनी बाजूला कधी ठेवायची? अडलेला निर्णय घेतला, तो सीन खरोखर लिहून काढला, आणि तरीही त्या घरात पुढं काय होतं याची तुम्हालाच उत्सुकता राहिली नसेल, तेव्हा. सीन न लिहिता ठेवू नका. ठेवताना लांबलचक चिठ्ठी लिहा, प्रिंट काढा, आणि परत उघडायची तारीख कॅलेंडरवर टाका.

शेवटचं, दोन्ही एकत्र करायची आयडिया येईलच, की १९३० चा पोरगा म्हणजे मल्लेशमचाच पणजोबा. दिसायला भारी दिसते. तपासायला सोपं आहे, पणजोबाला काढून टाका आणि बघा माग विकायच्या भांडणात काही फरक पडतो का. त्याच्या काळातली एखादी वस्तू, एखादं कर्ज, एखादं वैर आजच्या भावांना अडवत असेल तर घ्या त्याला आत. नुसता भिंतीवरच्या फोटोत बसणार असेल तर त्याच्या वहीतच राहू द्या.