मेनफ्रेमच्या टेपवरची फाइल प्रिंट कशी काढायची (अख्खी टेप न छापता)

टेपवरच्या फाइलची प्रिंट काढून द्या असं कोणी म्हटलं की पहिल्यांदा विचारायचं, किती रेकॉर्ड हवेत? कारण बरेच जण सरळ आयईबीजेनर (फाइल जशीच्या तशी कॉपी करणारी युटिलिटी) लावतात, इनपुटला टेप, आउटपुटला सिसआउट (म्हणजे प्रिंटरकडे जाणारं आउटपुट), आणि मोकळे होतात. जरा हिशोब करून बघा, १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या ३४८० कार्ट्रिजमध्येसुद्धा साधारण २०० एमबी मावायचे, म्हणजे ८० बाइटचे रेकॉर्ड धरले तर २५ लाख ओळी, पानाला ६० ओळी धरल्या तर ४१ हजारांच्या वर पानं! आत्ताच्या टेपांचं तर बोलायलाच नको.

खालचं सगळं झेडओएस (आयबीएमची मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टीम) धरून आहे, आणि कीवर्ड उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी कॅपिटलमध्ये.

आधी टेपचा डीडी, म्हणजे जेसीएलमधली (जॉब कसा चालवायचा ते सांगणारी भाषा) कुठली फाइल वापरायची ते सांगणारी ओळ. फाइल कॅटलॉगमध्ये (कुठली फाइल कुठे आहे याची सिस्टीमची यादी) असेल तर डीएसएन (फाइलचं नाव) आणि डिस्प=ओल्ड (फाइल आधीपासूनच आहे) एवढं पुरतं, व्हॉल्यूम सिस्टीम शोधते. नसेल तर युनिट (ड्राइव्हचा प्रकार), व्हॉल=सेर (टेपचा नंबर) आणि लेबल पण द्यावं लागतं, युनिटचं नाव प्रत्येक कंपनीच्या सिस्टीमवर वेगळं असतं त्यामुळे तिथलाच एखादा चालू जॉब बघून उचला. एकाच टेपवर ओळीने फायली असतील आणि तिसरी हवी असेल तर लेबल=(३,एसएल), एसएल म्हणजे स्टँडर्ड लेबल. डिस्पमध्ये न्यू किंवा मॉड अजिबात नको, वाचायला जाल आणि वर लिहून बसाल. पूर्वी रीलच्या मागे प्लॅस्टिकची रिंग नसेल तर ड्राइव्ह लिहूच द्यायचा नाही, आता पुण्यात बसून परदेशातल्या सिस्टीमवर काम करताना कसली रिंग नि कसलं काय, डिस्प नीट बघायची एवढंच आपल्या हातात.

आता नमुना बघायचा, त्यासाठी आयडीकॅम्स ही युटिलिटी बेस्ट. सिसइनमध्ये (युटिलिटीला सूचना देण्याचा डीडी) एकच ओळ, दुसऱ्या कॉलमपासून सुरू करायची, पहिल्यापासून केलीत तर गडबड होते:

प्रिंट इनफाइल(इनटेप) डंप काउंट(२०)

इनटेप म्हणजे तुमच्या डीडीचं नाव. मधले रेकॉर्ड बघायचे असतील तर स्किप(१०००) वगैरे जोडा. डंपच्या जागी कॅरेक्टर लिहिलं तर नुसती अक्षरं येतात, वाचायला छान, पण पॅक्ड फील्ड (एका बाइटमध्ये दोन आकडे कोंबलेलं) असेल तिथे ठिपके नाहीतर भलतंच काहीतरी दिसतं आणि मग लोक म्हणतात फाइल करप्ट आहे. करप्ट काही नसतं हो, डंप घ्या. डावीकडे हेक्स, उजवीकडे दोन चांदण्यांच्या मध्ये तीच अक्षरं. एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमवर अक्षरं साठवायचा कोड) स्पेस म्हणजे ४०, आकडे एफ० ते एफ९, आणि ए म्हणजे सी१, एवढं पाठ असलं की निम्मं काम झालं. समजा रकमेच्या जागी ०१२५०७५सी दिसलं, तर शेवटचा सी म्हणजे प्लस (डी असता तर मायनस), उरलं ०१२५०७५, आणि कॉपीबुकमध्ये (रेकॉर्डमधल्या फील्डांची मांडणी लिहिलेली असते ते) दोन दशांश असतील तर रक्कम झाली १२५०.७५. कॉपीबुक शेजारी ठेवून एक रेकॉर्ड असा बाइटबाइटने मोजून बघाच, पुढचे फील्ड नंबर त्यातूनच मिळतात.

आता कागदावर नीट दिसेल असं छापायचं असेल तर आयईबीपीटीपीसीएच. जुनाट युटिलिटी आहे, नाव पंचकार्डांच्या काळातलं, पण यासाठी मला अजून हीच आवडते, प्रोग्राम लिहायला लागत नाही. सिसयूटी१ ला टेप, सिसयूटी२ ला सिसआउट, आणि सिसइनमध्ये असं काहीतरी:

प्रिंट मॅक्सफ्लड्स=३,स्टॉपआफ्ट=१००
रेकॉर्ड फील्ड=(६,१,,१),फील्ड=(३०,७,,१०),फील्ड=(४,३७,पीझेड,४५)

मॅक्सफ्लड्सचं स्पेलिंग MAXFLDS. कंसात आधी लांबी, मग इनपुटमधली जागा, मग कन्व्हर्जन, शेवटी कागदावरचा कॉलम. पीझेडने पॅक्ड आकडा उलगडून येतो पण दशांश चिन्ह काही येत नाही, ते वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, आणि त्या फील्डला कागदावर दुप्पट जागा सोडा. रेकॉर्डची ओळ दिलीच नाही तर आठ-आठ अक्षरांचे तुकडे, मध्ये दोन स्पेस, असा अवतार छापून येतो, तो कोणाला दाखवू नका.

जॉब पडला, म्हणजे एररने मध्येच थांबला तर? एस-नंबर हे त्या एररचे कोड. एस८१३ आला तर डीएसएन आणि टेपच्या लेबलवरचं नाव जुळत नाहीये. लेबलमध्ये नावाची शेवटची १७ अक्षरंच मावतात, त्यामुळे स्पेलिंग शेवटाकडून तपासा. एस००१ बऱ्याचदा चुकीच्या एलरेकएल-ब्लॉकसाइझमुळे (रेकॉर्डची आणि ब्लॉकची लांबी) येतो, स्टँडर्ड लेबल असेल तर हे आकडे जेसीएलमध्ये देऊच नका, टेपवरच असतात, लेबल नसलेल्या टेपला मात्र द्यावेच लागतात. एस७२२ म्हणजे आउटपुटची लिमिट संपली, लिमिट वाढवून मागण्याआधी काउंट किंवा स्टॉपआफ्ट राहिलंय का बघा.

आणि सिसआउटला होल्ड होणारा क्लास द्या, म्हणजे आउटपुट लगेच न छापता थांबून राहील. एसडीएसएफमध्ये (स्क्रीनवर आउटपुट बघायचा प्रोग्राम) पहिलं पान उघडून बघायचं, कॉलम सरकले नाहीत ना, खाते नंबर पूर्ण छापले जात नाहीत ना, मगच क्लास बदलून प्रिंटरला सोडायचं.