स्पॅनिश येणं वेगळं आणि स्पॅनिशचं प्रोफेसर होणं वेगळं

सुट्टीत सोलापूरला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, देले केलं की कॉलेजात लागतंय का ओ?" नाही लागत. देले म्हणजे स्पेन सरकारच्या सर्वांतेस संस्थेची स्पॅनिशची परीक्षा, ए१ पासून सी२ पर्यंत लेव्हल्स, सर्टिफिकेट कधी एक्स्पायर होत नाही, पुणे-हैदराबादच्या कंपन्यांत त्याला किंमत पण आहे. पण असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एमएला ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि वर नेट (प्राध्यापक होण्याची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), नाहीतर पीएचडी. एमएसाठी गाव सोडावंच लागतं, हैदराबादचं इफ्लू (इंग्लिश आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) किंवा दिल्लीचं जेएनयू. जेएनयूला बीए पार शून्यापासून सुरू होतं, त्यामुळे बारावीपर्यंत स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता म्हणून घाबरायचं कारण नाही.

उलट आपल्याकडच्या पोरांना एक फायदा असतो जो त्यांना स्वतःला माहीतच नसतो. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, दुकानात दखनी, म्हणजे एका वाक्यातून दुसऱ्या भाषेत उडी मारायची लाज कधी नसतेच, आणि फर्स्ट इयरला निम्मी लढाई या लाजेशीच असते. स्पॅनिशमधले त, द हे उच्चार तर आपले तयारच असतात. पुण्या-मुंबईच्या इंग्लिश मीडियमवाल्यांपेक्षा सोलापूरची पोरं लवकर बोलायला लागतात असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तर येऊ दे.

आता खरं काम काय असतं ते सांगते. दरवर्षी नवीन बॅच, दरवर्षी तेच सेर आणि एस्तार ('असणे'साठीची स्पॅनिशची दोन क्रियापदं), तेच पेपर तपासणं, शिवाय नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायली. हे ज्याला बोअर होतं त्याने या लायनीत येऊ नये. मजा येते ती साहित्यात. स्पॅनिश लेखक सर्वांतेसची 'दोन किखोते' (इंग्रजीत 'डॉन क्विक्झोट') ही कादंबरी घ्या, पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा, आणि मधे १६१४ ला आवेयानेदा नावाने कुणीतरी खोटाच दुसरा भाग छापून मोकळा झाला. सर्वांतेसने काय केलं, तर आपल्या खऱ्या दुसऱ्या भागात पात्रांच्या हातातच ते खोटं पुस्तक दिलं आणि किखोतेने ठरवलेला सारागोसा शहराचा रस्ताच सोडून दिला, कारण खोट्या पुस्तकातला किखोते तिकडे गेला होता! हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचा मोबाईल पण खाली जातो. मेक्सिकन कवी ऑक्तावियो पास शिकवताना तर मेक्सिकोचा इतिहास टाळताच येत नाही, तो १९६२ पासून भारतात राजदूत होता आणि १९६८ ला मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्कोत आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्यावर त्याने पद सोडलं. म्हणून म्हणते, नुसतं ग्रामर पक्कं करून नेटला बसू नका, साहित्य आणि इतिहास तिथेही विचारतात.

पैशाचं पण बोलू. पर्मनंट जागा फार कमी निघतात, सुरुवातीला बहुतेकांना गेस्ट लेक्चरर म्हणून तासावर काम करावं लागतं, आणि सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसे पण नाहीत. तेव्हा ट्रान्सलेशनचं काम किंवा ऑनलाइन ट्यूशन सोबत ठेवा, आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत प्रत्येक नातेवाईक "अजून पर्मनंट नाही का?" असं विचारणार.