कळतं पण वळत नाही, त्यावर काय करायचं

दाताच्या डॉक्टरांनी मला एकदा सांगितलं होतं की छोटीशी कीड आहे, वीसेक मिनिटांचं काम आहे, फिलिंग करून टाका. मी हो म्हणाले आणि गेलेच नाही, कारण दुखत नव्हतं ना. दीड वर्षाने एका रात्री दुखायला लागलं तेव्हा पहाटेपर्यंत गाल धरून बसले होते, मग रूट कॅनाल, चार फेऱ्या, वरून कॅप. वीस मिनिटांच्या त्रासावर दीड वर्ष व्याज चढवत बसले होते मी. त्यानंतर एका कागदावर लिहून काढलं की अजून कुठेकुठे मी हेच करतेय, आणि लिस्ट खूप लांब झाली. न केलेला एक फोन, न बघितलेलं कर्जाचं स्टेटमेंट, रोज उद्यावर जाणारा व्यायाम. यातलं काहीही मला कळत नव्हतं असं नाही, सगळं कळत होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही करा की स्वतःला आळशी, कमजोर वगैरे म्हणणं थांबवा, त्याने काहीच होत नाही. १९९८ साली डॅनियल रीड आणि बार्बरा व्हॅन लीवेन यांचा एक अभ्यास आला होता, ऑफिसात काम करणाऱ्या लोकांना विचारलं की पुढच्या आठवड्यात मधल्या वेळी खायला काय आणून देऊ, तेव्हा बऱ्याच जणांनी फळं सांगितली, आणि आठवड्याने ती वेळ आल्यावर परत निवडायला सांगितलं तर त्यातलेच बरेच जण चॉकलेट-चिप्सकडे वळले. माणसं तीच, डोकं तेच. लांबून बघताना आपण सगळेच शहाणे असतो, गोष्ट हाताच्या अंतरावर आली की गडबड होते. मग साधा उपाय असा की जो शहाणा आहे त्याच्याकडूनच निर्णय करून घ्यायचा, आणि नंतर तो बदलायला जरा कटकट व्हावी अशी सोय करून ठेवायची.

बचतीत हे सगळ्यात छान जमतं. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्टझी या अर्थशास्त्रज्ञांनी एका कंपनीतल्या लोकांना सांगितलं की आज एक पैसाही कापून देऊ नका, फक्त एवढं कबूल करा की पुढे पगार वाढेल तेव्हा वाढीतला काही भाग आपोआप बचतीत जाईल. ४० महिन्यांत त्या लोकांची सरासरी बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. कोणालाही रोज मन मारावं लागलं नाही, एकदा सही केली आणि झालं. तुम्हीही बँकेत ऑटो ट्रान्सफर लावा, पगार जमा होतो त्याच दिवसाचा, महिन्याच्या शेवटचा नको, शेवटी काही उरत नाही हे आपल्याला माहीत आहे. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. डॉक्टरची अपॉइंटमेंट तिथून निघायच्या आधीच घ्या, घरी जाऊन फोन करते म्हणालात की संपलं, माझ्या दाताचं तेच झालं.

आता यात एक मोठी गल्लत होते आणि त्यावर मला जरा जास्त बोलायचंय. अवघड आहे म्हणजे ते चांगलंच असणार असं धरून लोक कुठल्याही त्रासाला चिकटून बसतात. तब्येत खराब करणारी नोकरी वर्षानुवर्षं ओढत राहणं, जिथे रोज अपमान होतो अशा नात्यात टिकून राहणं, याला लोक कष्ट म्हणतात, सोसणं म्हणतात. मला हे पटत नाही. तिथे सोसणं हाच सवयीचा, म्हणजे खरंतर सोपा रस्ता झालेला असतो आणि बाहेर पडणं अवघड असतं. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एक वेगळाच प्रयोग केला होता, नोकरी सोडू की नको, नातं तोडू की नको अशा प्रश्नांवर अडकलेल्या लोकांनी वेबसाइटवर येऊन नाणं उडवायचं, वीस हजारांच्या वर वेळा नाणं उडवलं गेलं, आणि मोठ्या निर्णयांमधे ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी जास्त समाधानी असल्याचं दिसलं. ही सगळी आधीच कुंपणावर बसलेली, स्वतःहून आलेली माणसं होती, तेव्हा यावरून उद्याच राजीनामा टाकू नका. पण आपण बदलाला गरजेपेक्षा जास्त घाबरतो एवढं तरी यातून कळतं.

मी अवघड पर्याय तपासताना स्वतःला विचारते की हा त्रास दिवसेंदिवस कमी होणार आहे की तसाच राहणार किंवा वाढणार. पोहायला शिकताना पहिला आठवडा नाकातोंडात पाणी जातं, महिन्याने जात नाही. कर्ज फेडताना हप्ता टोचतो पण बाकी दर महिन्याला कमी होते. याउलट त्रास तसाच आणि हातात काही साठतही नाही, असं असेल तर तो पर्याय अवघड असला तरी फुकटचा आहे. दुसरं बघायचं ते हे की सोपा पर्याय घेतला तर बिल कोण भरणार, मी, की घरातलं दुसरं कोणी. या प्रश्नाने माझे अर्ध्याहून जास्त निर्णय लगेच सुटले.

अजून एक फसवणूक आहे, सोपं वाटतं ते काम करतंय असंही वाटतं. अभ्यास करणाऱ्या मुलांनी हे नक्की वाचा. २००६ मधे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा दोनदा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं, जे वैताग आणणारं काम आहे. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने उलटं, पुन्हा वाचणारे ४२ वर आले आणि आठवून लिहिणारे ५६ वर. म्हणजे पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर लिहिताना डोक्याला जो ताण येतो तोच उपयोगाचा असतो, तो आला म्हणून आपल्याला जमत नाही असं समजू नका.

बरं, प्रत्यक्ष सुरुवात कशी करायची. बहुतेक अवघड गोष्टींचा अवघडपणा पहिल्या दोन-पाच मिनिटांत गोळा झालेला असतो, म्हणून तेवढ्याचीच तयारी करा. "मी व्यायाम करेन" असं नका ठरवू, "सकाळी दात घासून झाले की बूट घालेन आणि दाराबाहेर पडेन" असं ठरवा. मानसशास्त्रात पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलंय, अमुक झालं की मी तमुक करेन असं आधीच बांधून ठेवलं की त्या क्षणी विचार करत बसावं लागत नाही. माझा तो फोन मी असाच केला, चहाचा कप ठेवला की नंबर लावायचा, आणि पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं, "मला खूप दिवस तुझ्याशी बोलायचं होतं पण धीर होत नव्हता." पुढचं बोलणं आपोआप झालं, दोघी रडलो, आणि दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड उतरला.

लहान मुलांसमोर खाऊ ठेवून, थांबलास तर दुप्पट देईन म्हणायचा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यातून लोकांनी एवढंच उचललं की संयमी मुलं आयुष्यात पुढे जातात. पण २०१८ मधे जास्त मुलांवर तो तपासला तेव्हा घरची परिस्थिती वगैरे हिशोबात घेतल्यावर तो संबंध बराच फिका पडला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१३ चा एक छोटा प्रयोग, २८ मुलांवरचा, त्यात मोठ्या माणसाने आधी काही मुलांना दिलेला शब्द पाळला आणि काहींचा मोडला. मग तसाच खाऊ समोर ठेवला, तर ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांचा मोडला ती ३ मिनिटं. ज्याला उद्यावर भरवसाच नाही त्याने आजचं उचललं तर त्यात त्याचं काय चुकलं? तेव्हा ज्यांचे आजचेच दिवस कसेबसे निघतायत त्यांना संयमावर लेक्चर देऊ नका प्लीज.

आणि स्वतःच्या बाबतीत यातून हे घ्यायचं की आपणही स्वतःला दिलेले शब्द सारखे मोडत असतो, मग आतून कोणी विश्वासच ठेवत नाही. म्हणून सुरुवातीला शब्द इतका छोटा द्या की तो पाळला जाणारच. दहा मिनिटं, एक पान, एक हप्ता. एका वेळी एकच, पाच गोष्टी एकदम सुरू केल्या की पंधरा दिवसांत सगळ्या बंद पडतात, मी करून बघितलंय. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरतील असं दिसलं तर कोणाला २५४ पर्यंत लागतील असं, त्यामुळे २१ दिवसांत होतं वगैरे कोणी सांगितलं आणि तुमचं नाही झालं तर घाबरू नका. मधे एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही हेही त्याच अभ्यासात दिसलं. चुकला की कॅलेंडरवर तो दिवस रिकामा सोडा, भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, ठरलेल्या वेळी ठरलेलं तेवढंच करा.